संगीताचा तास आठवीनंतर पुसू नका : मुख्याध्यापकांना खुले पत्र

माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शाळा समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

नव्या वर्षाचे वेळापत्रक लावायला घेतले की इयत्ता वाढेल तसा संगीताचा तास आक्रसत जातो. पाचवी-सहावीत आठवड्याला एक-दोन तास असतात, सातवीत एक उरतो, आठवीत तो कागदापुरता राहतो आणि नववी-दहावीत कागदावरूनही जातो. त्याच्या जागी गणिताचा नाहीतर विज्ञानाचा जादा तास बसतो. हे तुम्ही वाईट हेतूने करता असे मी म्हणत नाही. निकालाचा ताण तुमच्यावर असतो, पालक जाब तुम्हालाच विचारतात, आणि संगीत बंद झाले म्हणून तक्रार घेऊन तुमच्या खोलीत सहसा कोणी येत नाही. ती तक्रार घेऊन मी आले आहे. मी माध्यमिक वर्गांना संगीत शिकवते. ज्या वयात हा तास काढून घेतला जातो त्याच वयात मुलांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते, आणि ती गरज निवडक गाणाऱ्यांची नसून वर्गातल्या प्रत्येकाची असते, एवढेच मला सांगायचे आहे.

सुरुवात मुलांच्या गळ्यापासून करते, कारण शाळेत याबद्दल कोणी बोलतच नाही.

बारा-तेराव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटू लागतो. स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. वाढ मुलींच्याही गळ्यात होते, पण मुलग्यांचे स्वरतंतू मुलींच्या मानाने दुपटीहून जास्त लांबतात. मुलाचा बोलण्याचा आवाज साधारण एक सप्तक, म्हणजे वरच्या 'सा'पासून खालच्या 'सा'इतका, खाली उतरतो. मुलींचा आवाज दोन-तीन स्वरांनीच उतरतो, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण त्या वयात मुलींचे स्वरतंतू मिटताना मागच्या बाजूला फट राहते, आवाजात हवा मिसळते आणि सातवीपर्यंत स्वच्छ गाणारी मुलगी आठवीत एकाएकी पोकळ, दमलेल्या आवाजात गाऊ लागते. तिला वाटते आपला आवाज गेला. घरच्यांनाही तसेच वाटते. प्रत्यक्षात तो घडत असतो. अमेरिकेत अभ्यासक जॉन कुक्सी यांनी १९७०च्या दशकात मुलग्यांच्या आवाजातला हा बदल टप्प्याटप्प्याने मांडला, पुढे लिन गॅकल यांनी मुलींच्या आवाजाचे टप्पे मांडले. या मांडणीतून संगीतशिक्षकाने घ्यायचे ते असे : बदल एका दिवसात होत नाही, त्याला महिने आणि कधी वर्षे लागतात, आणि मधल्या टप्प्यात मुलाला विनासायास गाता येईल असे स्वर फारच थोडे उरतात. ते स्वर कुठले, हे दर दोन-तीन महिन्यांनी बदलते.

आता शाळेत काय होते ते पाहा. प्रार्थना असो वा समूहगान, पेटीवर काळी चार धरली जाते, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा स्वर 'सा' मानला जातो, कारण लहान मुलांना आणि मुलींना ती सोयीची पडते. त्या पट्टीत तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या 'सा'पर्यंत जाणारी चाल तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने गायची म्हणजे त्याला ओरडावे तरी लागते नाहीतर आवाज फाटतो. आवाज फाटला की वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा गात नाही. मागच्या बाकांवर नीट पाहिले तर अशी मुले ओळखू येतात : ओठ हलतात, मान डोलते, पण गळ्याजवळची शीर हलत नाही. काही शाळांत तर शिक्षकच सांगतात, "तू नुसते ओठ हलव." कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून सांगितलेले ते एक वाक्य मूल जन्मभर लक्षात ठेवते. पन्नाशीतली माणसे मला सांगतात, "बाई, मला गाता येत नाही." कधी कळले म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते : शाळेत, आठवी-नववीत.

माझ्या वर्गातला असा एक मुलगा सांगते. उंच, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा, वर्षभर ओठ हलवणारा. वर्ग सुटल्यावर त्याला थांबवले आणि गाणे म्हणायला न लावता नुसता "हं" करायला सांगितले, बोलता बोलता करतो तसा. पेटीवर तो स्वर शोधला. मग तिथून एकेक पट्टी खाली आणि एकेक वर जात गेले. काळी चार षड्ज धरला तर त्याला खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर मध्यमापर्यंत आरामात जाता येत होते. सात स्वर होते की! प, ध, नि, सा, रे, ग, म. त्या सात स्वरांत बसेल अशी एक साथीची ओळ मी बांधली : बाकीचा वर्ग मूळ चाल गातो तेव्हा खालून जाणारी, संथ, लांब स्वरांची. त्याच्यासारखे आणखी काहीजण वर्गात निघालेच. त्यांना एका बाजूला बसवले. पहिल्यांदा दोन्ही ओळी एकत्र वाजल्या तेव्हा वरच्या ओळीतल्या मुलीच मागे वळून पाहू लागल्या, कारण वर्गाचा आवाज अचानक भरीव झाला होता. या मुलांना वेगळे काही "जमवून" दिलेले नव्हते. जो गळा त्यांच्याकडे त्या महिन्यात होता त्याला साजेसे काम दिले होते.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन स्वर पेन्सिलीने लिहिलेले असतात, आरामात येणारा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा. काही आठवड्यांनी ते पुसून नवे लिहिते. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा कराव्यात तशी मुले त्या नोंदी उत्सुकतेने बघतात. "बाई, माझा खर्ज उतरला" हे मुलगा अभिमानाने सांगतो तेव्हा आवाज फाटण्याची लाज उरलेली नसते.

आवाज फुटताना गाऊच नये, गळ्याला विश्रांती द्यावी, असे मत पूर्वी होते. १९व्या शतकातले नामवंत गानशिक्षक मान्युएल गार्सिया यांचा कल त्या बाजूला होता. आज बहुतेक जाणकार सांगतात की आरामाच्या स्वरांत, न ओरडता, थोडे थोडे गात राहणे चांगले. म्हणजे या दोन-तीन वर्षांत मुलाला पूर्वीपेक्षा जास्त जाणता शिक्षक हवा असतो. आपण नेमक्या त्याच वेळी शिक्षकच काढून घेतो, आणि मग मोठ्यांपैकी पुष्कळ लोक आपण बेसूर आहोत असे समजून जगतात. जन्मजात सूरबधिर, म्हणजे स्वरांतला चढउतारच ज्यांना ओळखता येत नाही अशी माणसे अभ्यासकांच्या मोजणीनुसार शंभरात दीड ते चार. साठ मुलांच्या वर्गात एक किंवा दोन. बाकी सगळ्यांना सुरात गाता येते. कोणीतरी त्यांचा स्वर शोधून द्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट कार्यक्रमांची. ती तुम्हाला आवडणार नाही याची मला कल्पना आहे.

ज्या शाळांत मोठ्या वर्गांना संगीत टिकून आहे तिथेही ते पुष्कळदा कार्यक्रमापुरते टिकून आहे. पाहुणे येणार म्हटले की गाणाऱ्या आठ-दहा मुलांना वर्गातून उठवून नेले जाते, एकच गाणे तीन आठवडे घोटले जाते, आणि उरलेल्या पन्नास मुलांचा तो तास ऑफ जातो. दरवर्षी तीच आठ-दहा मुले. त्यातली बहुतेक बाहेर क्लासला जाणारी असतात, म्हणजे ज्यांना शाळेने शिकवण्याची गरज सगळ्यात कमी आहे तीच. शाळेला सुंदर गाणे मिळते, टाळ्या मिळतात. पण त्या तीन आठवड्यांत कोणाला नवीन काय आले हे विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. मी कार्यक्रमांच्या विरुद्ध नाही. शिकलेले लोकांसमोर मांडण्यातही शिकणे असते. पण कार्यक्रम हा वर्गातल्या शिकण्यातून उगवावा आणि त्यात पूर्ण वर्ग असावा. साठ मुले मंचावर मावत नसतील तर मंचाखाली उभी करा. इंग्रजीच्या तासाला चांगले इंग्रजी बोलणारी दहाच मुले बसवावीत असे आपण कधी म्हणत नाही.

संगीताची बाजू मांडताना एक वाट फार सोपी आहे आणि ती मी मुद्दाम घेत नाही. संगीताने बुद्धी वाढते, गणितात गुण वाढतात, असे सांगितले की पालक लगेच माना डोलावतात. या समजाला मोठी चालना मिळाली ती १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या टिपणाने. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंची एक सोनाटा ऐकवली, नंतर आकार मनात फिरवून पाहण्याच्या चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसे मागितले. पुढच्या कसोशीच्या अभ्यासांतून संगीत शिकल्याने इतर विषयांत मोठा फरक पडतो असे काही ठामपणे दिसलेले नाही. मी तुम्हाला हे आश्वासन देऊन तास मागितला आणि निकाल वाढला नाही, तर तास पुन्हा जाईल, आणि तो जाणे योग्यही ठरेल. म्हणून मी तो संगीतासाठीच मागते. भाषा शिकवली तर इतिहासात गुण वाढतील का, हा प्रश्न आपण भाषेच्या शिक्षकाला विचारत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत ३१वे कलम आहे. विश्रांती आणि खेळ यांच्या जोडीने सांस्कृतिक जीवनात आणि कलांत पूर्णपणे सहभागी होण्याचा मुलाचा हक्क त्यात मानलेला आहे. संहितेच्या दृष्टीने अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे, म्हणजे नववी-दहावीतला विद्यार्थीसुद्धा.

मग या वयात शिकवायचे काय? हा प्रश्न मला अनेक मुख्याध्यापकांनी खरोखर मनापासून विचारला आहे, आणि त्यामागची शंका बरोबर आहे. पाचवीतली हावभावाची गाणी चौदा वर्षांच्या मुलाला म्हणायला लावणे हा त्याचा अपमान आहे. तो मान खाली घालून बसतो आणि आपण म्हणतो याला संगीताची आवड नाही. तोच मुलगा शाळा सुटल्यावर रात्री झोपेपर्यंत कानात गाणी घालून असतो. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वयात माणूस इतके संगीत ऐकत असेल असे मला वाटत नाही. त्या ऐकण्याशी शाळेचा काहीही संबंध नाही, हे आपले अपयश आहे.

ब्रिटनमधल्या संगीतशिक्षणाच्या अभ्यासक लूसी ग्रीन यांनी बँडमध्ये वाजवणारे लोक मुळात शिकतात कसे याचा अभ्यास केला. ते आपल्या आवडीचे गाणे निवडतात, कानाने ऐकून उचलतात, मित्रांच्या टोळक्यात एकमेकांचे पाहून शिकतात आणि सोपे आधी, अवघड नंतर असा क्रम पाळत नाहीत. हीच रीत पुढे तिथल्या माध्यमिक वर्गांत वापरून पाहिली गेली. मी माझ्या वर्गात तिचा एक तुकडा वापरते. चार-पाच जणांच्या गटाने स्वतःचे गाणे निवडायचे, मग ते रॅप असो, सिनेमातले असो, काहीही, आणि त्यातली गायकाची चाल सोडून खालून चालणारी बेसची ओळ कानाने शोधून गाऊन दाखवायची. पहिल्या दिवशी मुले म्हणतात, "बाई, यात बेस नाहीच आहे." रोज ऐकलेल्या गाण्यात ती ओळ असते हे त्यांच्या कानांना माहीतच नसते. तिसऱ्या-चौथ्या तासाला ती सापडते, आणि मग ते गाणे त्यांना कधीच पूर्वीसारखे ऐकू येत नाही. काही शिक्षकमित्रांना असली गाणी वर्गात आणणे पटत नाही. माझे मत स्पष्ट आहे : आणू द्यावीत, पण तिथेच थांबू नये. मुलाला जे आधीच आवडते तेवढेच द्यायचे असेल तर शाळेची गरज नाही. बेसची ओळ ऐकू येऊ लागलेल्या कानाला तंबोऱ्यातला गंधार, म्हणजे 'ग', ऐकवता येतो. तारा फक्त पंचम आणि षड्जात लावलेल्या असताना गंधार कुठून आला, हे विचारले की तास कुठे जातो कळत नाही.

साधने नाहीत, ही अडचण मला दर वेळी सांगितली जाते. एक तास जवळून दाखवते. वर्गात पेटी नव्हती, तबला नव्हता, साठ मुले होती. डावीकडच्या रांगांना रूपक तालाच्या सात मात्रा दिल्या, तीन-दोन-दोन अशा पाडून, आणि प्रत्येक आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेरीच्या, पहिल्या मात्रेला बाकावर थाप. उजवीकडच्या रांगांना केरवा तालाच्या आठ मात्रा, पहिल्या मात्रेला टाळी. सुरुवात एकदम. थाप आणि टाळी पहिल्यांदा एकत्र पडतात, मग थाप एका मात्रेने आधी येते, मग दोन मात्रांनी, असे अंतर वाढत जाते. मुलांना वाटते आपण चुकलो. चुकलेली नसतात. चालू ठेवा म्हटले, मोजत राहा. आणि मग, आपली लय सोडायची नाही म्हणून सगळ्यांचे डोळे बाकावर खिळलेले असताना, थाप आणि टाळी एकदम पडली. सगळा वर्ग ओरडला. किती मात्रांनी? कोणी साठ म्हणाले, कोणी पन्नास. पुन्हा करून मोजले : ५६. डावीकडची आठ आवर्तने, उजवीकडची सात. एका मुलीने विचारले, सात आणि दहा घेतले तर? दहा मात्रांचा झपताल घेऊन करून पाहिले, ७० झाल्या. त्या तासात लय म्हणजे काय, आवर्तन म्हणजे काय, सम म्हणजे काय हे मी एकदाही फळ्यावर लिहिले नाही. दुसऱ्याचे ऐकत असतानाच आपले धरून ठेवणे, ही समूहात वाजवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट, ती साठही मुलांनी केली होती. ज्यांचा आवाज फुटत होता त्यांनीसुद्धा.

स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने १९७२ मध्ये फक्त टाळ्यांची एक रचना केली. बारा मात्रांचा एकच ठेका : तीन टाळ्या, एक रिकामी, दोन टाळ्या, रिकामी, एक टाळी, रिकामी, दोन टाळ्या, रिकामी. एकजण तो तसाच वाजवत राहतो, दुसरा ठरावीक वेळाने एकेक मात्रा सरकतो, आणि बारा वेळा सरकल्यावर दोघे पुन्हा जुळतात. दोन माणसे आणि चार हात, बाकी काही लागत नाही. नववीच्या मुलांना हे अवघड जाते आणि त्यांना अवघड आवडते. रचना करण्याच्या बाबतीतही तेच. पाच स्वर द्या, सोळा मात्रा द्या आणि स्वतःची चाल बांधायला सांगा. जी मुले दुसऱ्याचे गाणे गायला लाजतात तीच आपली चाल ऐकवायला पुढे येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आणखी एक आक्षेप आपल्याकडचे संगीतप्रेमीच घेतात आणि तो आदराने ऐकायला हवा. गाणे गुरूसमोर बसून शिकायचे असते, साठ जणांच्या वर्गात ते येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मैफिलीचा गवई वर्गात तयार होणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि भातखंड्यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून बंदिशी मिळवून, स्वरलिपीत बसवून क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग सिद्ध केले, ते संगीत घराण्याच्या दाराबाहेरच्या सामान्य मुलामुलींना मिळावे म्हणूनच. त्यांच्या काळात त्यांना हाच आक्षेप ऐकावा लागला. वर्ग हा गुरुकुलाला पर्याय म्हणून त्यांनी मांडला असे मला वाटत नाही. वर्गातून जाणते ऐकणारे तयार होतात आणि त्यातूनच एखादा पुढे गुरूच्या दारात जातो. शाळेतल्या मुलांना शिकवणे हे कमी प्रतीचे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हेही लक्षात घ्यावे की इटालियन संगीतकार विवाल्डी १७०३ पासून व्हेनिसमधल्या अनाथ मुलींच्या संस्थेत व्हायोलिन शिकवत होता आणि त्याने त्यांच्यासाठी रचना केल्या, तर इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट १९०५ पासून १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीतशिक्षक होता.

कानांबद्दल थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. इयरफोन लावून आवाज पूर्ण वाढवला की ही पातळी सहज ओलांडली जाते आणि अंतःकर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हे मुलांना सांगणार कोण? विज्ञानाच्या पुस्तकात कानाची आकृती असते, पण ऐकण्याची सवय लावणे हे संगीताच्या तासाचे काम आहे. कॅनडातले संगीतकार मरे शेफर विद्यार्थ्यांना आजूबाजूचे आवाज नुसते ऐकून टिपायला लावत. मी वर्षाची सुरुवात तशीच करते : दोन मिनिटे डोळे मिटायचे आणि ऐकू आलेला प्रत्येक आवाज नंतर वहीत लिहायचा. पहिल्या वेळी मुलांच्या याद्या चार-पाच ओळींच्या असतात. महिन्याभराने पान भरते.

आता गुणांचा प्रश्न. श्रेणी नसेल तर विषय कोणी गंभीरपणे घेत नाही, हे तुमचे म्हणणे मला पटते. पण श्रेणी गळ्याच्या गोडव्याला देऊ नका. आवाज फुटत असलेल्या मुलाला त्या वर्षी गाण्यात "क" देणे म्हणजे त्याच्या वाढीला कमी गुण देणे आहे. ऐकून स्वर-ताल ओळखता येतो का, लिहिलेली सोपी ओळ वाचता येते का, गटात आपली ओळ धरून ठेवता येते का, स्वतःची छोटी चाल बांधून का बांधली हे सांगता येते का, या गोष्टींना गुण द्या. त्या सगळ्या शिकवता येतात आणि तपासताही येतात.

तुमच्याकडे माझे मागणे असे आहे. आठवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्याला एक पूर्ण तास द्या, आणि परीक्षा जवळ आली की तो दुसऱ्या विषयाला उसना देऊ नका. एकदा उसना दिलेला तास परत आलेला मी पाहिलेला नाही. दहावीला तो देणे अगदीच अशक्य वाटत असेल तर पहिल्या सत्रापुरता तरी द्या. तास शेवटचा ठेवू नका, तेव्हा मुले दमलेली असतात आणि घसाही. शेजारच्या वर्गाला त्रास होतो ही तक्रार खरी आहे, म्हणून इमारतीच्या टोकाची एक खोली द्या, ती लहान असली तरी चालेल. पेटी असेल तर ती वर्षातून एकदा सुरात लावून घ्या. बेसूर पेटीवर कान तयार होत नाहीत. शिक्षक नेमताना त्याला किती चांगले गाता येते एवढेच बघू नका, एका अनोळखी वर्गावर अर्धा तास शिकवायला लावा आणि मागच्या दोन बाकांवरची मुले त्या वेळात काय करत होती ते पाहा. त्याला आवाज फुटण्याच्या वयाबद्दल काय माहीत आहे हे जरूर विचारा. आणि ज्या शिक्षकाला संगीत येते त्याला बदलीच्या तासांवर पाठवून, वर्गणीचे हिशेब आणि सजावट त्याच्याच गळ्यात घालून थकवू नका.

संगीतशिक्षक नेमणे आज जमण्यासारखे नसेल, तर दुसरा विषय शिकवणारे पण गाण्याची समज असलेले कोणीतरी तुमच्या शाळेत बहुधा असतेच. त्यांना हा तास द्या आणि जवळच्या शाळेतल्या संगीतशिक्षकाशी त्यांची गाठ घालून द्या. टाळ्यांची रचना, ऐकण्याची वही, मुलांचे स्वर शोधणे ही कामे काही दिवसांच्या सरावाने येऊ शकतात. मी स्वतः अशा शिक्षकांना माझ्या वर्गात बसवून घ्यायला तयार आहे, आणि माझे बरेच सहकारीही तयार होतील याची मला खात्री आहे.

वेळापत्रकाचा मसुदा नक्की करण्याआधी एकदा संगीतशिक्षकाला बोलवा आणि आठवी-नववीतल्या कुठल्या मुलाला सध्या कोणते स्वर येतात हे विचारा. तो सांगू शकला तर त्याचा तास कापू नका. सांगू शकला नाही तर मुले त्याला आठवड्यातून कितीदा भेटतात ते वेळापत्रकात बघा, आणि तिथून दुरुस्ती सुरू करा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक संगीतशिक्षिका